चित्र बरोबर आहे

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाबाहेर गुलाबभाऊंचा एक छोटा कारखाना होता. तिथे बनणारे प्रत्येक यंत्र आधी श्रीहरी रामटेके यांच्या टेबलावर चित्र म्हणून जन्माला येई. चित्र म्हणजे सर्किट बोर्डाचा आराखडा. कोणता भाग कुठे बसेल, त्याचे पाय कोणत्या भोकांत जातील आणि तांब्याच्या रेघा एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत कशा पोहोचतील, हे सारे त्या चित्रात ठरत असे. नागपूरच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यावर रामटेक्यांनी बावीस वर्षे हेच काम केले होते. "रामटेके भाऊचं चित्र म्हणजे दगडावरची रेघ," असे गुलाबभाऊ गिऱ्हाइकांना सांगत, आणि ते ऐकताना रामटेके मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत.

बावीसपैकी एकवीस वर्षे हे चित्र हातानेच निघाले. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म पसरायची, पायांच्या जागी काळ्या चिकट टिकल्या लावायच्या आणि त्या बारीक काळ्या टेपने जोडायच्या. हे चित्र बोर्डाच्या खालच्या, म्हणजे तांब्याच्या बाजूने पाहून काढायचे असे. प्रत्येक भाग उपडा करून पाहण्याची रामटेक्यांच्या डोळ्यांना इतकी सवय झाली होती की, वरून पाहिलेला भागच त्यांना क्षणभर परका वाटे.

सत्त्याऐंशी साली दिवाळीनंतर, त्यांच्याच आग्रहावरून, गुलाबभाऊंनी संगणक घेतला. बोर्डाची चित्रे काढण्याचा प्रोग्राम दोन फ्लॉप्यांवर आला. त्यात रामटेक्यांना सर्वांत मोलाची वाटली ती लायब्ररी. प्रत्येक भागाचा फूटप्रिंट एकदाच काढायचा: पाय किती, कोणत्या अंतरावर, कोणता पाय कोणाचा, आणि बोर्डावर त्या जागी छापायची पांढरी आकृती कशी. तो लायब्ररीत ठेवला की पुढे कोणत्याही बोर्डात नुसते नाव टाकून बोलवायचा. पुन्हा काढणे नाही, पुन्हा मोजणे नाही. तीन महिन्यांत त्यांनी चौसष्ट फूटप्रिंट काढले, एका लांबट रजिस्टरात त्यांना क्रमांक दिले आणि 'तपासले' या रकान्यात चौसष्ट वेळा सही केली.

"पूर्वी चूक झाली तर ती त्या एका कागदापुरती असे," ते घरी पत्नीला, सत्यशीलाबाईंना, उत्साहाने सांगत होते. "आता एकदा बरोबर काढलं की सगळीकडे बरोबर."

सत्यशीलाबाई तांदूळ निवडत होत्या. "न एकदा चुकलं तं?" त्यांनी सहज विचारले.

"चुकायचं नाही," रामटेके म्हणाले.

त्या लायब्ररीतून निघालेले पहिले मोठे काम म्हणजे गडचिरोलीच्या आतल्या भागातील आरोग्य केंद्रांसाठी गजराची यंत्रे. लस ठेवलेल्या फ्रिजमधली थंडी कमी झाली की यंत्रातला रिले, म्हणजे विजेने चालणारा खटका, ओढला जाई आणि घंटा वाजे. पहिली चाळीस यंत्रे मार्चमध्ये तयार झाली. ती जोडली होती सोमारी उसेंडी हिने. सोमारी धानोऱ्यापलीकडच्या जंगलगावची, चौथी शिकलेली. नवऱ्यामागे चंद्रपुरात येऊन सहा वर्षांपूर्वी झाडलोटीसाठी कारखान्यात लागली आणि एका पावसाळ्यात, पाहता पाहता, भाग बोर्डावर डाग देऊन जोडण्याचे सोल्डरिंग शिकली. तिचा टाका गव्हाच्या दाण्यासारखा गुळगुळीत पडे.

यंत्रे रवाना होण्याआधी, एका शुक्रवारी, सरकारी तपासणीस आले. त्यांनी एक यंत्र उघडले, मग दुसरे, मग पाच. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बोर्डावरच्या एका भागावर नख ठेवले. तो ट्रान्झिस्टर होता, तीन पायांचा, अर्ध्या चंद्रासारखा काळा तुकडा, एका अंगाने गोल, एका अंगाने सपाट. बोर्डावर छापलेल्या पांढऱ्या अर्धचंद्राची सपाट बाजू डावीकडे होती आणि बसवलेल्या ट्रान्झिस्टरची उजवीकडे.

"ड्रॉइंग एक सांगतं, जोडणी दुसरंच. सगळ्यांत असंच आहे. हे कोणी लावलं?"

गुलाबभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी हाक मारली, "सोमारी, काऊन वं उलटे लावले हे?"

सोमारी टेबलापासून उठली. "सुलटा लावला का चालत नाई, भाऊ."

पॅकिंग करणारा दसरू फसकन हसला. "काय बाप्पा, सोमारीबाईच्या राज्यात सूर्यबी पश्चिमेकडून निंघते."

तपासणीस हसले नाहीत. "सरळ लावला तर चालत नाही, म्हणजे चित्र चुकलंय असं म्हणायचंय का हिला?"

सर्वांनी रामटेक्यांकडे पाहिले. सोमारीनेही पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती; आता हा माणूस बोलेल आणि उलगडा होईल, असा साधा भरवसा होता. रामटेक्यांना आपले रजिस्टर आठवले, त्यातल्या चौसष्ट सह्या आठवल्या. एरवी कारखान्यात ते इतरांसारखेच बोलत, पण साहेबांसमोर त्यांच्या तोंडी कॉलेजातली भाषा येई.

"चित्र बरोबर आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलेलं आहे."

प्रश्न तिथेच मिटला; यंत्र चालवून पाहावे असे कोणाच्याच मनात आले नाही. सगळे ट्रान्झिस्टर चित्राप्रमाणे फिरवून आठवड्यानंतरच्या सोमवारी यंत्रे पुन्हा दाखवावीत आणि या बाईला जोडणीवर ठेवू नये, असा शेरा तपासणिसांनी दिला. गुलाबभाऊ सोमारीला म्हणाले, "काही दिवस घरी राह्य. मंग पाहू." 'मंग पाहू' म्हणजे काय, ते कारखान्यातल्या सर्वांना ठाऊक होते. सोमारीने तापलेली सोल्डरिंग इस्त्री ओल्या स्पंजवर पुसून स्टँडमध्ये ठेवली, चिमटा आणि कटर सरळ रेषेत लावले, आणि डबा घेऊन ती गेली.

त्या दुपारी रामटेक्यांनी ट्रान्झिस्टरांचे माहितीपुस्तक उघडले. शंका होती म्हणून नव्हे, निदान त्यांनी स्वतःला तसे सांगितले नाही. नियमाप्रमाणे खात्री करावी, एवढेच. पान सापडले. आकृती होती, तीन पायांची नावे होती, आणि त्यांच्या फूटप्रिंटशी ती तंतोतंत जुळत होती. त्यांनी समाधानाने पुस्तक मिटायला घेतले, आणि आकृतीच्या कोपऱ्यातली मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ त्यांना दिसली. भाग खालून पाहिल्यास असा दिसतो, असे तिथे लिहिले होते.

संगणकातला प्रोग्राम बोर्ड वरून पाहतो. खालून पाहिलेली आकृती तशीच वरच्या बाजूस काढली की डावा पाय उजवा होतो आणि उजवा डावा. नव्याने शिकणाऱ्याने ती ओळ वाचली असती, कारण त्याला काहीच ठाऊक नसते. एकवीस वर्षे खालून पाहणाऱ्या माणसाला ती वाचायची गरजच भासली नव्हती. पांढरा अर्धचंद्र दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून चित्रावर संशय घ्यावा असे काहीच नव्हते. आणि ट्रान्झिस्टर अर्धा फेरा फिरवला की तिन्ही पाय आपापल्या योग्य भोकात जात होते. सोमारीने चाळीस वेळा नेमके तेवढेच केले होते.

त्यांनी दार लोटून घेतले, संगणक सुरू केला आणि लायब्ररीतला तो फूटप्रिंट दुरुस्त केला. काम दोन मिनिटांचे होते. मग गजराच्या बोर्डाची फाइल उघडली. तिथे जुनाच फूटप्रिंट होता. त्यांनी ती बंद करून पुन्हा उघडली. तरी जुनाच. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की बोर्डात भाग बोलावताना प्रोग्राम त्याची नक्कल उतरवून घेतो. नंतर लायब्ररी कितीही शुद्ध केली तरी आधी गेलेल्या नकला तशाच राहतात. त्यांनी कागद घेऊन मोजले. तो ट्रान्झिस्टर पाच बोर्डांत होता. त्यांतल्या दोन बोर्डांचे दोनशे नग नागपुरात छापायला गेले होते.

आणि मग त्यांना ते आठवले. डिसेंबरमध्ये, अगदी पहिला बोर्ड जोडताना, सोमारी तो हातात घेऊन त्यांच्या टेबलाशी आली होती. "भाऊ, याची पाठ तिकडं पायजे वाटते," ती म्हणाली होती. ते पडद्यावर एक रेघ ओढत होते. मान वर न करता ते बोलले होते, "छाप पाहून लाव, सोमारी. छाप चुकत नसते."

उद्या सांगू, असे त्यांनी ठरवले. दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ बँकेच्या कामाला गेले होते. तिसऱ्या दिवशी रामटेक्यांचे डोके दुखत होते. कारण शोधणाऱ्याला कारण मिळतेच. पॅकिंग उरकल्यावर, बुधवारपासून, दसरूला ट्रान्झिस्टर फिरवण्याच्या कामावर बसवले. मधल्या खोलीतून सोल्डरच्या तापलेल्या राळेचा वास येई आणि रामटेक्यांना कळे की आणखी एक चांगले यंत्र आता बिघडले. पहिल्या दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी पाच. दसरू येता जाता हसून विचारी, "भाऊ, आता बरोबर ना?" आणि ते चित्रावर झुकून "हं" म्हणत.

चोराच्या मनात चांदणे म्हणतात, ते त्यांनी त्या दिवसांत अनुभवले. सत्यशीलाबाईंनी "जेवत काऊन नाई?" विचारले तरी त्यांना त्यात चौकशी दिसे. अशा वेळी त्यांना स्वतःचे कॉलेज आठवे. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतले एक मीटर जळाले होते. जाळले दुसऱ्याच मुलाने. पण सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती बरोबर शेवटच्या बाकावर, रामटेक्यांवर येऊन थांबली. "तुमच्या हातून असंच व्हायचं," सर म्हणाले होते. 'तुझ्या' नव्हे, 'तुमच्या', म्हणजे तुम्हा लोकांच्या. ज्याने जाळले त्या मुलाने मान खाली घातली आणि तो गप्प बसला. रामटेक्यांनी त्या मुलाला तेवीस वर्षे माफ केले नव्हते. आता त्या मुलाचा चेहरा त्यांना आठवेना. आठवायला गेले की तिथे आपलाच दिसे.

पुढच्या शुक्रवारी, अकरा यंत्रे फिरवून झाल्यावर, गुलाबभाऊंनी त्यांतले एक चालवून पाहिले. रिले ओढला गेला नाही. नुसता थरथरला, डबीत अडकलेल्या भुंग्यासारखा. दुसरे यंत्र तसेच. तिसरेही तसेच.

"का बे दसरू," गुलाबभाऊ कडाडले, "सोमारीचा हात तुले लागला का? चालती यंत्रं बिघडवून ठेवली तुनं."

दसरूचे हसू मावळले. "मी तं छाप पाहूनच लावले, भाऊ."

"छाप पाहून लावले म्हणते. मंग काय छापच चुकला?"

"दसरूची चूक नाही," रामटेके उठून म्हणाले. पुढचे वाक्य ओठांवर आले होते, पण ते जिला आधी सांगायला हवे ती तिथे नव्हती. "मला उद्याचा दिवस द्या. सोमवारी सांगतो."

शनिवारी पहाटेच्या बसने ते सोमारीच्या गावाला निघाले. वाटेत मूल आणि सावली ही गावे, वैनगंगेचा पूल, मग गडचिरोली. तिथून दुसरी गाडी धानोऱ्याला. मग कोसभर पायी. वाटेवर मोहाच्या झाडांखालची जमीन पाचोळा जाळून काळी केलेली होती, म्हणजे टपकलेली फुले वेचायला सोपी. सोमारी अंगणात होती. सारवलेल्या जमिनीवर मोहफुले पसरलेली होती आणि ती वाकून हाताने ती खालीवर करत होती.

"भाऊ, तुमी?" ती सरळ झाली. "कारखाना बंद पडला का?"

"नाही."

तिने खाट टाकली, पाणी दिले. रामटेके पाणी प्यायले आणि त्यांनी गडवा खाली ठेवला. बसमध्ये बसून त्यांनी चार वाक्ये तयार केली होती. त्यांतले एकही आता आठवेना.

"सोमारी, चित्र चुकलं होतं."

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा फुलांकडे वळली.

"केव्हापासून?"

"पहिल्याच बोर्डापासून. तुमी म्हणाले छाप पाहून लाव, तं तसाच लावला. रिले चालेना. मंग फळीवरचा जुना बोर्ड काढला, तुमच्या टेपवाला. दोन्ही बाजूबाजूनं ठेवले. जुन्यावर रिलेकडं जाणारा पाय ह्या हाताले," तिने मोहफुलांनी चिकट झालेला उजवा हात वर केला, "न नव्यावर त्या हाताले. मंग फिरवला. चालला."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं होतं ना, भाऊ. तुमी मान वर नाई केली." तिच्या आवाजात टोचणी नव्हती, हवामान सांगावे तसे ती सांगत होती. "मंग मले वाटलं, तुमाले ठाऊक असंल. मोठ्या माणसाची काही रीत असंल."

अंगणाच्या कडेला एक कोंबडी फुलांकडे सरकत होती. सोमारीने तिला हुसकले. रामटेक्यांनी शेवटी सगळे सांगितले: तिला काढले त्याच दुपारी आपण पुस्तक उघडले, त्याच दुपारी आपल्याला कळले, आणि त्यानंतर आपण गप्प राहिलो. हे ऐकताना मात्र तिचा हात थांबला.

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

तिने हातातली फुले खाली ठेवली. मग म्हणाली, "मी वाट पाह्यली होती, भाऊ. दोन दिवस चंद्रपुरातच होती. वाटलं, रामटेके भाऊ पुस्तक पाहतील न बोलावतील."

रामटेके खाटेवरून उठले. ते म्हणाले, "चल. तुझी जागा तुझीच आहे."

"इथी सांगून काय होते? इथी तं मलेच सारे खरं मानतात." तिने फुलांचा एक ढीग हाताने सपाट केला. "जिथी नाई म्हणाले होते, तिथीच होय म्हणा. मी सोमवारी येते. ऐकाले येते. कामाचं मंग पाहू."

'मंग पाहू' हे शब्द तिने कोणाकडून उचलले, ते दोघांनाही ठाऊक होते.

सोमवारी तपासणीस आले तेव्हा सोमारी दाराशी उभी होती, आत न येता. टेबलावर चाळीस यंत्रे मांडली होती; अकरा एका बाजूला, एकोणतीस दुसऱ्या बाजूला. आदल्या दिवसापासून रामटेक्यांच्या मनात एक सोपी वाट घोळत होती. 'काल माझ्या लक्षात आले' एवढेच म्हटले तरी सोमारी निर्दोष ठरत होती आणि मधले दहा दिवस कोणी विचारणार नव्हते. चूक कोणाकडूनही होते. आणि ती स्वतः शोधून सांगणाऱ्याचे तर लोक कौतुकच करतात. त्यांनी दाराकडे पाहिले. सोमारी त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती तिच्या रिकाम्या टेबलाकडे, आडव्यातिडव्या पडलेल्या चिमट्या-कटरांकडे पाहत होती.

"चित्र चुकलं होतं," रामटेके म्हणाले. यावेळी तोंडात कॉलेजची भाषा आली नाही. "माह्या हातानं. खालून पाहायची आकृती मी वरून काढली. सोमारीनं लावले ते चाळीसही बरोबर होते. तिनं मले डिसेंबरातच सांगतलं होतं, मी ऐकलं नाई."

"अरे, पण आज कळलं ना..." गुलाबभाऊ सावरून घ्यायला पुढे झाले.

"आज नाई कळलं, भाऊ. तिले काढलं त्याच दुपारी कळलं. दहा दिवस मी चूप बसलो. दसरू एकेक यंत्र बिघडवत होता न मी पाहत होतो."

तपासणिसांनी चष्मा काढला. "म्हणजे मागच्या वेळी ही चाळीस चालत होती?"

"होती. एकोणतीस अजून चालतात. अकरा मी बिघडवली."

तपासणिसांनी जुना शेरा खोडून नवा लिहिला. नागपूरचे दोनशे बोर्ड रद्द करावे लागले. गुलाबभाऊ दोन दिवस रामटेक्यांशी कामापुरतेही बोलले नाहीत, पण त्याआधी, त्याच सोमवारी, दाराकडे न पाहता ते म्हणाले होते, "बस, सोमारी." तिची माफी कोणी मागितली नाही. तिने आत येऊन हत्यारे सरळ रेषेत लावली, इस्त्री तापवली आणि अकरांपैकी पहिले यंत्र जवळ ओढले.

मे महिन्यात सुधारलेले बोर्ड छापून आले. रामटेक्यांनी गठ्ठा स्वतः सोमारीच्या टेबलावर नेऊन ठेवला. आता छाप बरोबर आहे, असे सांगायचे होते. पण तसे ते पूर्वीही म्हणाले होते, म्हणून ते नुसते उभे राहिले. सोमारीने वरचा बोर्ड उचलला, उठून फळीवरचा टेपच्या काळातला जुना बोर्ड आणला, दोन्ही बाजूबाजूला ठेवले आणि बोटाने एकेका पायाचा माग काढत रिलेपर्यंत गेली. मग ट्रान्झिस्टर छापाप्रमाणे बसवला. दुसरा बोर्ड घेतला, आणि पुन्हा जुन्या बोर्डावर बोट ठेवले. तिसऱ्यालाही तसेच.

एकाच फिल्मवरून निघालेले बोर्ड एकमेकांसारखेच असतात. एक पाहिला म्हणजे सगळे पाहिले. हे तिला सांगता आले असते. त्यांनी सांगितले नाही. ते आपल्या टेबलाशी परतले, लांबट रजिस्टर उघडले आणि 'तपासले' या रकान्यातल्या चौसष्ट सह्यांवर एकेक करून बारीक रेघ मारली. मग माहितीपुस्तक जवळ घेऊन फूटप्रिंट क्रमांक एकचे पान काढले, आणि आकृतीकडे पाहण्याआधी तिच्या कोपऱ्यातली ओळ वाचली.